जनुकसंचाचा नकाशा आणि सिकलसेलचे एक अक्षर

विदर्भापासून छत्तीसगढपर्यंतच्या प्रदेशात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. मध्य भारतातील त्याच्या आढळाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणवायू कमी पडला म्हणजे रोग्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या व्याधीचे मूळ केवळ एका अक्षराच्या बदलात आहे, आणि ते अक्षर भिलाईतील मरोदा येथील विद्यार्थ्यालाही आज संगणकावर विनामूल्य पाहता येते.

मानवी जनुकसंच म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर होय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेने ७ जुलै २००० रोजी त्याचा कच्चा मसुदा इंटरनेटवर सर्वांस खुला केला. परंतु नुसत्या अक्षरांच्या राशीतून काय उमगणार? म्हणून तेथील जिम केंट यांनी जनुकसंचदर्शक तयार केला. युरोपात ‘एन्सेम्बल’ हे तशाच प्रकारचे साधन निर्माण झाले. जिल्ह्याच्या नकाशावरून गावच्या एका शेतापर्यंत उतरावे, तसे येथे गुणसूत्रापासून एका अक्षरापर्यंत उतरता येते. अक्षरांखाली आडव्या पट्ट्या असतात: एकीत जनुके, दुसरीत माणसामाणसांतील फरक, तिसरीत इतर प्राण्यांशी तुलना.

शोधाच्या चौकटीत ‘एचबीबी’ लिहिले की अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनचे जनुक समोर येते. गुणसूत्र साडेतेरा कोटी अक्षरांचे, जनुक अवघे सोळाशेंचे! सिकलसेलचे अक्षर ५२,२७,००२ या स्थानी आहे. मात्र हा क्रमांक २०१३ च्या आवृत्तीतील होय. तिच्या आधीच्या आवृत्तीत तेच अक्षर ५२,४८,२३२ वर होते. आवृत्ती न सांगता दिलेला पत्ता म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

येथे विद्यार्थी हमखास गोंधळतो. पाठ्यपुस्तकात जीएजीचे जीटीजी होते, म्हणजे ए जाऊन टी येतो, असे असते; पडद्यावर मात्र मूळ अक्षर टी व बदललेले ए दिसते. दोन्ही खरे आहे. डीएनएचे धागे दोन, परस्परपूरक. दर्शक त्यांपैकी एकच छापतो. हे जनुक दुसऱ्या धाग्यावर असल्यामुळे ते उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असते, आणि जीएजीच्या जागी सीटीसी दिसते. या एका फरकाने प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते.

पडद्यावरील मजकूर हा तुलनेसाठी ठरविलेला नमुना आहे, पाहणाऱ्याचा स्वतःचा जनुकसंच नव्हे. कोण वाहक आहे हे रक्ततपासणीनेच कळते. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

नकाशा सुमारे अठ्ठावीस हजार अक्षरे उजवीकडे सरकविला की गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच्या जनुकालगतचे एक स्थान लागते. भारतीय रोग्यांत सिकलसेलच्या बदलासोबत तेथेही बहुधा एक बदल आढळतो. त्यामुळे जन्मानंतरही ते हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते, आणि पुष्कळांचा आजार आफ्रिकी वंशाच्या रोग्यांहून सौम्य असण्याचे हे एक कारण मानले जाते.