मागचे डिस्क ब्रेक घरी बदलताय? पिस्टन दाबायचा नाही, फिरवायचा!

स्विफ्ट, वॅगनआरसारख्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. पण जुनी स्कोडा लॉरा किंवा २००६ ला भारतात आलेली होंडा सिव्हिक घेतली, की चारही चाकांना डिस्क मिळतात. हे ब्रेक घरी बदलता येतात का? येतात. पण फोनवर दिसणारे बरेच व्हिडिओ पुढच्या चाकाचे असतात आणि मागच्या चाकाचं गणित वेगळं आहे. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हणजे करूळ, आंबा नाहीतर फोंडा घाट. तिथे ब्रेकची चूक महागात पडते, म्हणून हे नीट समजून घेऊया.

मागचे ब्रेक का जातात?

ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागची डिस्क कमी घासते आणि म्हणूनच जास्त गंजते. डिस्क असते बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ज्या प्रकारचं ओतकाम चालतं, त्याच घराण्यातली. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली तर डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या स्लाइड पिना जाम होतात.

पॅडचं लायनर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की पॅड बदला. डिस्कवर 'मिन टीएच' अशा अक्षरांपुढे कमीत कमी जाडी कोरलेली असते. मोजमाप त्याखाली असेल तर डिस्कही बदलायची. "उद्यमनगरात लेथवर घासून आण," असं कोणी सांगेल. पण मागची डिस्क आधीच पातळ असते, घासून ती मर्यादेखाली गेली तर उपयोग नाही. पॅड आणि डिस्क दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदला.

खरी गोम कुठे आहे?

पुढच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्प लावून सरळ आत दाबतात. लॉरा, सिव्हिकच्या मागच्या कॅलिपरमध्ये मात्र हँडब्रेकची यंत्रणा आतच असते. पिस्टनच्या आत एक स्क्रू असतो आणि पॅड झिजेल तसा तो पिस्टनला बाहेर आणतो. त्यामुळे हा पिस्टन फिरवत फिरवत आत न्यावा लागतो, बहुतेक वेळा घड्याळाच्या दिशेने. त्यासाठी 'पिस्टन रिवाइंड टूल' मिळतं. जोर लावून दाबलात तर आतली यंत्रणा मोडते आणि पूर्ण कॅलिपर बदलायची वेळ येते.

काम कसं करायचं?

१. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर लावा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर पहिला, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'. हँडब्रेक पूर्ण सोडा, नाहीतर पिस्टन आत जाणार नाही.

२. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा. गाडीखाली लगेच जॅक स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून काम करू नका.

३. काही उघडण्याआधी फोनवर फोटो काढा. एका वेळी एकच बाजू उघडा.

४. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो तारेने वर बांधा. ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. धूळ फुंकून उडवू नका; ती फुप्फुसात जाते.

५. ब्रॅकेट आणि डिस्क काढा. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा.

६. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करून पिस्टन सावकाश फिरवा. ऑइल वर येतं, ते सांडू देऊ नका. रंग खराब होतो. पिस्टनवरचं रबर पिळलं जाऊ नये. सिव्हिकमध्ये पॅडमागचा खुंटा पिस्टनच्या खाचेत बसला पाहिजे.

७. स्लाइड पिनांना ब्रेकसाठीचंच ग्रीस लावा. पॅडच्या आणि डिस्कच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस नको. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आवळा.

गाडी हलवण्याआधी

ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिल्या काही वेळा ते थेट खाली जाईल. तसंच गाडी काढलीत तर ब्रेक लागणारच नाही! मग ऑइलची पातळी आणि हँडब्रेक तपासा. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून २० पर्यंत हळूहळू ब्रेक लावा, असं आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत. त्यानंतरच घाट.

इथे थांबा, मेकॅनिककडे जा

ऑइल गळत असेल, पाइपला चिरा असतील किंवा पेडल मऊच राहत असेल, तर पुढे जाऊ नका. नव्या गाडीत बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने 'सर्व्हिस मोड' लावावा लागतो. फोनला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनचे कोड वाचतात. हे काम त्यांना जमेलच असं नाही.

आणि एक सोपी सवय: पावसाळ्यात गाडी बरेच दिवस सपाट जागेवर उभी करायची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गिअर टाका आणि चाकांना ठोकळे लावा. पॅड डिस्कला चिकटणार नाहीत.