घरातला खांबी निवडुंग



प्रदर्शनात आपल्या गटांच्या टेबलावर हल्ली पापड-कुरडयांच्या शेजारी कुंड्याही दिसतात. त्यात पटकन उचलली जाते ती उभ्या खांबासारख्या निवडुंगाची कुंडी. गिऱ्हाईक ती हौसेनं फ्लॅटमध्ये नेतं, रोज तांब्याभर पाणी घालतं आणि महिन्या-दोन महिन्यांत झाड बुडातून सडतं. ते गिऱ्हाईक मग पुन्हा आपल्या टेबलाकडे फिरकत नाही. ज्या बाईच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, तिलाही ओसरीच्या कडेला वीस कुंड्या ठेवता येतात आणि टँकरच्या पाण्यावर त्या जगतात. असं काम पाण्यापायी हातचं जाऊ नये, म्हणून आज हे बोलतोय.

आधी ओळख. आपल्या बांधावरचा तिधारी निवडुंग आणि नर्सरीतला खांबी कॅक्टस दिसायला भाऊ-भाऊ, पण कुळ वेगळं. तिधारी मोडला की पांढरा चीक येतो. खऱ्या कॅक्टसला असा दुधासारखा चीक सहसा नसतो. शिवाय कॅक्टसचा प्रत्येक काटा कापसाच्या बारीक गादीतून निघतो. कॅक्टस मूळचा अमेरिका खंडातला. आपल्याकडे कुंडीत दिसतो तो बहुधा सेरियस जातीचा. हा फरक नीट सांगायचं कारण म्हणजे चीक. तो डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. लहान मुलांच्या घरात चिकाचं झाड देऊच नये, असं आमचं मत आहे.

आता पाणी. कॅक्टसच्या पानांचे काटे झालेत आणि पानांचं काम हिरवं खोड करतं. आपली इतर झाडं दिवसा श्वासाची छिद्रं उघडतात, हा रात्री गारव्यात उघडतो, त्यामुळे त्याचं पाणी फार कमी उडतं. खोडावरच्या उभ्या धारा पेटीच्या भात्यासारख्या असतात. पाणी मिळालं की फुगतात, संपलं की आत ओढल्या जातात. धारा जरा आत गेल्या की पाणी द्यायचं, पण त्याआधी खराट्याची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून बघायची. काडीला ओली माती चिकटली तर थांबायचं. माती ओली आणि तरीही खोड सुरकुतलेलं, म्हणजे मुळं कुजली आहेत. तिथं पाणी घालणं म्हणजे मारणंच. उन्हाळ्यात साधारण दहा-पंधरा दिवसांनी, थंडीत महिन्यानं, आणि पावसाळी दमट हवेत काडी कोरडी आल्याशिवाय अजिबात नाही. द्यायचं तेव्हा मात्र खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. रोज घोट-घोट पाणी हीच सगळ्यात वाईट सवय.

माती काळी, चिकट नको. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग विटेचे बारीक तुकडे आणि मूठभर चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी मातीचीच बरी. ती ओल शोषते आणि जड असल्यामुळे उंच झाड कलंडत नाही. बिनभोकाच्या रंगीत चिनी मातीच्या कुंड्या दिसायला छान असतात, पण त्या आम्ही विकायला ठेवत नाही.

घरात ठेवायचं म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी नव्हे. खिडकीपासून हातभर अंतरात, पूर्वेचं किंवा दक्षिणेचं ऊन मिळेल तिथं. उजेड कमी पडला की शेंडा मेणबत्तीसारखा बारीक, फिका होतो. लोकांना वाटतं झाड जोरात वाढतंय! तो बारीक भाग पुन्हा जाड होत नाही, वर वजन वाढलं की तिथूनच झाड वाकतं. आठवड्याला कुंडी थोडी फिरवा. आतली कुंडी एकदम मे महिन्याच्या उन्हात नेऊ नका, खोड भाजतं आणि ते डाग कायम राहतात. चार-पाच दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू वाढवा.

बूड मऊ, तपकिरी झालं तर झाड गेलं असं नाही. कागदाच्या जाड घडीनं खोड धरा, धारदार सुरी स्पिरिटनं पुसा आणि आतला गर पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत कापत वर जा. एकही तपकिरी ठिपका राहता कामा नये. तुकडा सावलीत आठ-पंधरा दिवस सुकू द्या, कापलेली बाजू टणक झाली पाहिजे. मग कोरड्या वाळूमातीत दोन बोटं खोल उभा करा, पाणी दोन आठवडे नाही. रोपंही अशीच करायची. निरोगी झाडाचा वीतभर शेंडा कापला की त्याचं नवं झाड होतं आणि खालच्या खोडाला बाजूनं फुटवे येतात. कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा.

काटेरी झाड घरात ठेवलं की भांडणं होतात, असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. वाद घालू नका. आमच्या गटातल्या एक आजी म्हणतात, “आमच्या घरात एक काटा नव्हता, तरी रोज होत होती.” लोक हसतात आणि कुंडी घेतात.

दुसरा प्रश्न असतो फुलाचा. आपण दारात ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, रात्री फुलणारं, तेही कॅक्टसच आहे. खांबी निवडुंगाचं फूलही तसंच मोठं, पांढरं, रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. पण त्याला झाड मोठं व्हावं लागतं आणि ऊन भरपूर लागतं. घरातल्या कुंडीला बहुधा येत नाही. कुंडी विकताना हेही सांगून टाका.