हाड जुळले, आग शमेना

आंबा काढणीच्या दिवसांत झाडावरून घसरून मनगट मोडणे रत्नागिरीला नवे नाही. प्लास्टर निघते, एक्स-रेत हाड जुळलेले दिसते, तरीही काही जणांचा हात सुजलेला, लालसर किंवा निळसर राहतो. सदऱ्याची बाही टेकली तरी आग होते. हा कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, थोडक्यात सीआरपीएस. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ म्हणत घरचे रुग्णालाच नाटकी ठरवतात, हा त्यावरचा अन्याय. लिव्हरपूल आणि हंगेरीतल्या पेच येथील संशोधकांनी दुखणे जुनाट झालेल्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडे पंजाला बारीक छेद दिलेल्या उंदरांना टोचली. निरोगी माणसांची प्रतिपिंडे मिळालेल्या उंदरांपेक्षा यांचे पंजे स्पर्शाला अधिक हळवे झाले. म्हणजे काही रुग्णांत तरी प्रतिकारयंत्रणाच दुखणे पोसत असते.

मग या यंत्रणेला आवरण्यासाठी दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेले इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे त्यांची प्रतिपिंडे, शिरेतून द्यावे, हा विचार ओघानेच येतो. औषध नवी मुंबईतही बनते; महाग मात्र आहेच. 2010 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत 12 रुग्णांची वेदना दहाच्या मापावर सरासरी दीड अंकाने उतरली आणि आशा पालवली. पण त्याच गटाने 2017 मध्ये 111 रुग्णांवरच्या कमी मात्रेच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा औषध आणि नुसते सलाईनसारखे द्रावण यांत फरक दिसला नाही. मात्रा वाढवली तर गुण येईल, असे कोणी म्हणेल. येईलही, पण तसा पुरावा हाती येण्याआधी त्यासाठी बागेवर कर्ज काढायला सांगणे मला पटत नाही.

प्रतिकारयंत्रणेला आवरणारे जुने, स्वस्त औषध आपल्याकडे आहेच : प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जयंती कलिता आणि सहकाऱ्यांनी पक्षाघातानंतर सीआरपीएस झालेल्या 60 जणांपैकी निम्म्यांना ते दिले, निम्म्यांना पायरॉक्सिकॅम हे वेदनाशामक. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत महिन्याभरात पहिल्या गटातले 83 टक्के सुधारले, दुसऱ्यातले 17 टक्के. पक्षाघाताचा रुग्ण वेगळा आणि मनगट मोडलेला वेगळा, हा आक्षेप रास्त आहे. तरी सुरुवातीची सूज आणि दाह दोघांतही सारखेच दिसतात, त्यामुळे डॉक्टरांनी या औषधाचा विचार करायला आधार आहे. स्टेरॉइडने साखर आणि रक्तदाब वाढतो, दबलेला क्षय उसळू शकतो, हेही खोटे नाही. म्हणूनच ते ठरावीक आठवडे, देखरेखीखाली, मात्रा उतरवत घ्यायचे. मेडिकलवाल्याकडून परस्पर नाही. वर्षानुवर्षे मुरलेल्या दुखण्यात मात्र त्याच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे, आणि म्हणूनच वेळेला महत्त्व. प्लास्टर निघाल्यावर वेदना उतरण्याऐवजी वाढत असेल, तर मालिशवाल्याकडे हात रगडून घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात किंवा डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात दाखवा, सीआरपीएसची शंका स्वतःहून विचारा आणि फिजिओथेरपी टाळू नका.