एक जोड हजाराचा, एक ऐंशी हजारांचा

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या पोशाखांचा शो झाला. काही मॉडेलांच्या पायांत अंगठ्याची, सपाट तळाची चामडी चप्पल होती. कोल्हापूर, मिरज, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या कोणीही ती कोल्हापुरी म्हणून पाहताक्षणी ओळखली असती. कंपनीने मात्र तिला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. महाराष्ट्रात संताप उसळला, राज्यातल्या व्यापारी महासंघाने, महाराष्ट्र चेंबरने, पत्र लिहिलं आणि भारतातल्या हस्तकलेतून ही प्रेरणा घेतल्याचं प्राडाने मान्य केलं. डिसेंबरात करारही झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चर्मोद्योग महामंडळांच्या साथीने दोन हजार जोड इथेच बनवायचे, जगभरातल्या चाळीस दुकानांत विकायचे, किंमत सुमारे आठशे युरो. म्हणजे जोडामागे ऐंशी हजार रुपयांच्या वर. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये हजार-दीड हजारात हाताने शिवलेला चांगला जोड मिळतो.

चोरी झाली की नाही, यावर पुष्कळ बोलून झालं. त्याहून मोठा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. वरचे ऐंशी हजार माणूस कशासाठी देतो?

भाव वाढला की खप घटतो, हे आपण कांद्या-टोमॅटोत दर हंगामाला पाहतो. काही वस्तूंचं उलट असतं. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवून दिलं की ऐपत नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते, आणि ती दाखवण्याचं साधन म्हणून माणूस महाग वस्तू घेतो. १९५० मध्ये हार्वी लायबेनस्टाइन या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने त्याची नीट फोड केली. एक गिऱ्हाईक चारचौघांनी घेतलं म्हणून घेतं. दुसरं चारचौघांनी घेतलं म्हणून सोडून देतं. तिसऱ्याला मुळात किंमतच हवी असते. उंची ब्रँडची सगळी कसरत या तिघांना एकाच नावाखाली सांभाळण्याची आहे. अत्तर, लिपस्टिक, चष्मा, चावीचा छल्ला या वस्तू पहिल्यासाठी. काचेच्या कपाटात न दिसणाऱ्या वस्तू दुसऱ्या-तिसऱ्यासाठी. पहिल्याची गर्दी फार झाली की दुसरा निघून जातो. पिएर कार्दां या फ्रेंच फॅशन डिझायनरने आपलं नाव शेकडो वस्तूंना वापरू दिलं. पैसा आला, पण नावाचा दबदबा ओसरला.

चामडं, शिलाई, मजुरी यांची बेरीज करून उंची वस्तूची किंमत कधीच लागत नाही, आणि याचा उत्तम दाखला प्राडाच देते. १९१३ मध्ये मिलानच्या प्रसिद्ध गॅलरीत चामड्याच्या वस्तूंचं दुकान म्हणून सुरू झालेल्या या घराण्याला नव्या काळात नाव मिळालं ते मिउच्या प्राडा यांनी १९८४ च्या सुमारास आणलेल्या काळ्या नायलॉनच्या बॅगांमुळे. नायलॉन, चामडंसुद्धा नाही. लष्करी सामानाला वापरतात त्या जातीचं कापड. ते उंची ठरलं, कारण ते उंची आहे असं सांगण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्यांनी सांगितलं.

दुसरं टोक हर्मेसचं. १८३७ मध्ये घोड्यांचा साज-लगाम बनवण्यापासून सुरू झालेलं हे पॅरिसचं घर. त्यांची बर्किन बॅग १९८४ ची. विमानात जेन बर्किन या अभिनेत्रीच्या शेजारी कंपनीचे प्रमुख बसले होते, मनासारखी बॅग मिळत नाही अशी तिची तक्रार होती, आणि त्या बोलण्यातून बॅग घडली, ही कहाणी कंपनी आजही जपते. बॅग शक्यतो एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवतो, दोन सुया घेऊन हाताने शिवतो आणि आत आपली खूण उमटवतो. पैसे घेऊन दुकानात गेलात म्हणून ती मिळेलच असं नाही. जेन बर्किनची मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंच्या आसपास गेली.

टंचाई अशी राखावी लागते. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने एका वर्षात न खपलेला २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये उघड झालं, तेव्हा लोक हादरले. गवगवा झाल्यावर कंपनीने ही प्रथा थांबवली. पण त्या धंद्याचं गणित त्यातून लख्ख दिसलं: माल स्वस्तात कोणाच्याही हाती पडण्यापेक्षा तो जाळणं परवडतं.

आता कोल्हापूरकडे पाहू. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, तळाला म्हशीचं, वर शेळीचं. खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवण. चपलेवरची वेणी बहुधा घरातल्या बायका वळतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी असे गावागणिक घाट. शाहू महाराजांनी या व्यवसायाला दिलेल्या आधाराचा इतिहास आहे. हर्मेसच्या खोगिरात जे होतं ते सगळं इथे आहे: हात, परंपरा, राजाश्रय, गावाचं नाव. मग भाव का नाही?

मला याचं कारण बाजारात कमी आणि समाजात जास्त दिसतं. पॅरिसमध्ये घोड्याचा साज शिवणाऱ्याचं आडनाव पेढीचं नाव झालं. आपल्याकडे कातड्याला हात लावणाऱ्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं आणि त्याच्या हातची चप्पल मात्र मिरवली. ज्या हाताचा विटाळ मानला, त्या हाताच्या कामाला किंमत कोण देणार? त्यामुळे कोल्हापुरी कायम दुकानदाराच्या नावाने विकली गेली, करणाऱ्याच्या नाही. जोडाचा भाव घासाघीस करून पाडणारं गिऱ्हाईक मॉलमधल्या बुटाच्या छापील किमतीपुढे गप्प राहतं. ही सवय वरवरची नाही. कोणाला भाव सांगण्याचा अधिकार आहे, याची आपली जुनी समजूत तिच्यात उतरली आहे.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे आठ जिल्हे त्यात येतात. पण हे मानांकन नावाला संरक्षण देतं, घाटाला नाही. आणि तेही भारतापुरतं. म्हणून ‘लेदर सँडल’ म्हणणाऱ्या कंपनीला ते अडवू शकलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये यासंबंधीची जनहित याचिका फेटाळली, तेव्हाही मुद्दा हाच होता की दाद मागायची तर नोंदणीकृत मालकांनी मागावी. ते मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकातली हीच दोन चर्मोद्योग महामंडळं.

प्राडाशी झालेल्या करारात कारागिरांना प्रशिक्षणाची आणि काही जणांना इटलीतल्या प्राडाच्या अकादमीत शिकण्याची सोय आहे. हे चांगलंच आहे. पण दोन हजार जोड म्हणजे एक हंगाम. आठशे युरोंपैकी शिवणाऱ्याच्या हातात किती पडतात, हे आकडे दोन्ही महामंडळांनी उघड सांगायला हवेत, आणि प्रत्येक जोडावर करणाऱ्याची खूण हवी.

त्याहून मोठी संधी दुसरीकडे आहे. युरोपीय संघात हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंसाठी मानांकनाचा स्वतंत्र कायदा १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला आहे. त्याआधी तिथलं हे संरक्षण खाद्यपेयं आणि शेतमाल यांच्यापुरतं होतं. आपल्या दार्जिलिंग चहाला ते २०११ मध्येच मिळालं. बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही आता वस्तूंसाठी अर्ज करता येतो. मंजूर झाला तर पॅरिसच्या किंवा मिलानच्या दुकानात ‘कोल्हापुरी’ हे नाव फक्त या आठ जिल्ह्यांत बनलेल्या जोडालाच लावता येईल, आणि त्या नावावर भाव सांगण्याची सुरुवात कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या किंवा अथणीतल्या घरातून होऊ शकेल. मुंबई आणि बंगळूरच्या महामंडळांनी तो अर्ज एकत्र करावा, सीमेचा वाद त्यात आणू नये.