एसीचा गॅस ‘संपत’ नसतो

होळी झाली की एसी दुरुस्त करणाऱ्यांचे फोन लागेनासे होतात. सात-आठ महिने भिंतीवर बंद राहिलेले यंत्र सुरू केले, की कुणाच्या घरात कुबट वास पसरतो, कुणाच्या पलंगावर पाणी टपकते, तर कुणाची खोली तासाभरानेही गार होत नाही. घाईने बोलावलेला माणूस पाहणी करतो आणि म्हणतो, ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल.’ पाचशे-सातशे रुपयांच्या सर्व्हिसिंगचे बिल मग अडीच-तीन हजारांवर जाते. हा खर्च कधी रास्त असतो, कधी पूर्णपणे अनावश्यक. फरक ओळखायला एसी नेमका काय करतो, एवढे ठाऊक असले तरी पुरते.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या यंत्रात तांब्याच्या नळ्यांची आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची कॉइल असते. नळ्यांतून वाहणारे द्रव खोलीतल्या हवेची उष्णता घेऊन उकळते आणि त्याची वाफ होते. बाहेरच्या यंत्रातला कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो, तिथली कॉइल तिची उष्णता बाहेर सोडते आणि पुन्हा द्रव तयार होते. तोच गॅस बंद नळीत फिरत राहतो. मोटारीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, इंजिन ऑइलसारखा जुना होऊन बदलावा लागत नाही. घरातला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. त्यात दरवर्षी गॅस भरायला आपण कुणाला बोलावत नाही. गॅस खरोखर कमी झाला असेल, तर त्याचा अर्थ एकच: कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून भरलेला गॅसही त्याच वाटेने निघून जाणार.

मग गारवा का कमी होतो? बहुतेक घरांत पहिला संशय धुळीवर घ्यावा. पुढच्या झाकणाखालची जाळी, म्हणजे फिल्टर, धुळीने भरला की कॉइलवरून पुरेशी हवा वाहत नाही. खोली गार होत नाही आणि कॉइल मात्र इतकी थंड होते की तिच्यावर बर्फ धरतो. गोम अशी, की गॅस कमी झाल्यावरही जवळजवळ हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी फिल्टर आणि दोन्ही कॉइल स्वच्छ करायच्या, यंत्र काही वेळ चालवायचे, आणि मगच गॅस मोजायला सांगायचे. सफाईआधीच झालेले ‘गॅस कमी आहे’ हे निदान मान्य करू नये.

धुळीचा दुसरा जोडीदार म्हणजे पाणी. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट रात्री एक एसी बादलीभर पाणी सहज बाहेर टाकतो. ओल, अंधार आणि धूळ एकत्र आली की बुरशीला आयते घर मिळते. यंत्र सुरू करताच येणारा कुबट वास हा बहुधा तिचाच असतो. पाण्याच्या ताटलीत आणि निचऱ्याच्या पाइपमध्ये बुळबुळीत थर साचला की पाणी तुंबते आणि भिंतीवरून ओघळते. दमा, ॲलर्जी किंवा सतत सर्दी असणाऱ्यांना बुरशीच्या बीजाणूंचा त्रास वाढू शकतो. एसी लावल्यावरच शिंका, खोकला किंवा छातीत घरघर सुरू होत असेल, तर औषधाबरोबर कॉइलकडेही पाहायला हवे. वास झाकण्यासाठी आत सुगंधी फवारे मारण्याचा उपयोग नाही. त्यांचा श्वासनलिकेला उलट त्रासच होऊ शकतो.

एक भीती मात्र इथे दूर करायला हवी. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियाची गंभीर साथ आली आणि पुढे ‘लिजिओनेला’ हा जिवाणू सापडला. तेव्हापासून एसीशी त्याचे नाव जोडले गेले आहे. तो वाढतो तो प्रामुख्याने मोठ्या इमारतींच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरमध्ये आणि पाण्याच्या नळव्यवस्थेत. घरगुती स्प्लिट एसीला असा टॉवर नसतो. आपल्या घरातला प्रश्न धूळ आणि बुरशीचा आहे. आणखी एक गैरसमज: साधी जाळी हवेतले सूक्ष्म प्रदूषण गाळत नाही. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवाही आत आणत नाही, तीच ती हवा फिरवत राहतो. त्यामुळे दिवसातून काही वेळ खिडक्या उघडणे गरजेचेच आहे.

आता हिशेब करू. दीड टनाचा एसी सरासरी तासाला 1 युनिट वीज घेतो असे मानले आणि तो रोज 8 तास, असे 100 दिवस चालला, तर 800 युनिट होतात. सगळे आकार धरून युनिटला 10 रुपये पडले तर बिल 8,000 रुपये. तुंबलेल्या फिल्टरऐवजी स्वच्छ फिल्टर असेल तर एसीचा वीजवापर 5 ते 15 टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. आपल्या हिशेबात ही बचत 400 ते 1,200 रुपयांची झाली. म्हणजे हंगामाआधीच्या एका सर्व्हिसिंगचा खर्च जवळपास तिथेच निघतो. आणि फिल्टर धुण्याला तर पैसेच लागत नाहीत.

हे काम घरच्या घरी दर दोन आठवड्यांनी करावे. मुख्य स्विच किंवा एमसीबी बंद करायचा, झाकण उघडून जाळ्या काढायच्या, साध्या पाण्याच्या धारेखाली धुवायच्या, सावलीत पूर्ण वाळवून परत बसवायच्या. गरम पाणी आणि ताठ ब्रश नको. कॉइल, पंखा, निचऱ्याचा पाइप आणि बाहेरचे यंत्र ही कामे कारागिराची. मोठ्या शहरांत जेट पंपाने होणाऱ्या या सफाईला साधारण 500 ते 800 रुपये पडतात. रोजच्या वापराच्या एसीला वर्षातून एकदा ती पुरते. रस्त्यालगत, बांधकामाशेजारी किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दोनदा करावी. खारी हवा बाहेरच्या कॉइलचे पत्रे खाते, तर उघड्या नाल्याजवळच्या घरांत हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे तांब्याच्या नळ्या काळवंडून झिजतात. अशा ठिकाणी गळतीची तक्रार खरी असण्याची शक्यता जास्त.

वार्षिक करार घेण्याआधी त्यात किती सफाया आहेत, सुटे भाग आणि गॅस धरले आहेत का, हे लेखी पाहावे. दोनच सफायांसाठी करार असेल, तर त्याची रक्कम सुट्या दोन सफायांपेक्षा कमी आहे ना, एवढेच तपासायचे.

गळती सापडलीच, तर कामाचा क्रमही ठाऊक असावा. आधी नायट्रोजन भरून दाबाखाली गळतीची जागा शोधायची आणि ती बुजवायची. मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा व ओल काढायची आणि शेवटी यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. हे दहा मिनिटांत होत नाही. आज अनेक घरगुती एसींमध्ये असणारा आर-32 वायू सौम्य ज्वलनशील आहे आणि काहींमधला आर-290, म्हणजे प्रोपेन, तर सहज पेट घेतो. त्यामुळे खोली बंद ठेवून हे काम करू देऊ नये. शिवाय आर-32 ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट मानली जाते. वर्षानुवर्षे गळक्या नळीत तो भरत राहणे, हे खिशाइतकेच हवेचेही नुकसान आहे.

या सगळ्या खर्चात एक गोष्ट बिलावर कधीच दिसत नाही. बाहेरचे यंत्र पाचव्या मजल्याच्या छज्जावर टांगलेले असते आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा एका हाताने ग्रिल धरून ते धूत असतो. त्याच्याकडे सुरक्षा पट्टा आहे का, हे विचारा. नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करून घ्या आणि पट्ट्यासह येण्याचे शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तर घासाघीस करू नका. नवा एसी बसवताना तर बाहेरचे यंत्र हात पोहोचेल अशाच जागी लावून घ्या. पुढची दहा वर्षे सफाई स्वस्त पडेल आणि कुणाला जीव टांगणीला लावावा लागणार नाही.