थायरॉक्सिन घेणारा रुग्ण आणि आपली औषधयोजना

सकाळी उठल्याबरोबर थायरॉक्सिनची गोळी घेणारा रुग्ण आज बहुतेक प्रत्येक वैद्याकडे येतो. येतो तो थायरॉइडसाठी नव्हे. केस गळतात, छातीत धडधडते, झोप लागत नाही, आम्लपित्त झाले आहे अशा तक्रारी तो सांगतो आणि उठता उठता विचारतो, "ही गोळी उष्ण पडते का? बंद केली तर चालेल का?" या प्रश्नाला घाईने होकार देणाऱ्या वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की, त्यांनी आधी तक्रारीचे मूळ शोधावे.

लिव्होथायरॉक्सिन हे कृत्रिमरीत्या बनविले जात असले तरी ग्रंथी जे द्रव्य निर्माण करते तेच ते आहे. त्यामुळे त्याचे 'दुष्परिणाम' म्हणून जे सांगितले जाते, ते बहुतांशी मात्रेचे असतात. मात्रा अधिक झाल्यास हृद्द्रव, हस्तकंप, अतिस्वेद, उष्णता सहन न होणे, द्रवमलप्रवृत्ती, अनिद्रा व कार्श्य ही वातपित्तवृद्धीची लक्षणे दिसतात. अशी स्थिती दीर्घकाळ राहिल्यास वृद्धांमध्ये नाडी अनियमित होऊ शकते व रजोनिवृत्तीनंतर अस्थिक्षय वाढतो. मात्रा उणी पडल्यास थकवा, मलावष्टंभ, शीतासहत्व व वजनवाढ ही मूळ व्याधीची लक्षणे कायम राहतात. केस मात्र दोन्ही अवस्थांत गळतात. शिवाय चिकित्सेच्या पहिल्या काही महिन्यांतही गळू शकतात आणि पुढे थांबतात. एवढे आधी सांगितले तरी रुग्णाची निम्मी भीती जाते.

आता आपल्या औषधयोजनेकडे वळू. लोह व कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात आणि त्याचे शोषण घटवितात, हे सिद्ध झालेले आहे. आपली शंखभस्म, वराटिका, प्रवाळ, मुक्ताशुक्ती ही द्रव्ये प्रामुख्याने कॅल्शियमचीच आहेत. मंडूर, नवायस लोह, धात्री लोह यांत लोह आहे. कामदुधेत तर गैरिकासह दोन्ही येतात. भस्मांविषयी हा निष्कर्ष आम्ही रासायनिक साधर्म्यावरून काढीत आहोत. तथापि सावधगिरीला तेवढे पुरे आहे. समजा, आम्लपित्तासाठी आपण कामदुधा दिली आणि रुग्णाने ती सकाळच्या गोळीबरोबरच घेतली. शोषण घटते, टीएसएच वाढतो, तिकडचे डॉक्टर थायरॉक्सिनची मात्रा वाढवितात. दोन महिन्यांनी आम्लपित्त शमले म्हणून कामदुधा थांबते, वाढलेली मात्रा आता पूर्ण शोषली जाते आणि रुग्ण धडधड घेऊन पुन्हा आपल्यासमोर बसतो. दोष गोळीला लागतो. घडविणारा असतो औषधकाल.

वाग्भटांनी सांगितलेल्या दहा औषधकालांपैकी 'अनन्न' काल या गोळीसाठी योजावा. रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध काही घेऊ नये. लोह व कॅल्शियमयुक्त कल्पांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे. इसबगोलही दूरच ठेवावा. उपवासाच्या दिवशी गोळी चुकविणारे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांना मुद्दाम विचारावे.

काही द्रव्यांचा प्रश्न शोषणाचा नसून कार्याचा आहे. अश्वगंधेमुळे थायरॉइड संप्रेरकांची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत. गुग्गुळातील घटकाने ग्रंथीस उत्तेजन मिळाल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे ही द्रव्ये वर्ज्य करावीत असे नव्हे. परंतु ज्याला आधीच हृद्द्रव आहे त्याला 'अशक्तपणा' म्हणून अश्वगंधा देणे आम्हास युक्त वाटत नाही. कांचनार गुग्गुळ सुरू करावयाचा असल्यास रुग्णाच्या मूळ डॉक्टरांना कळवावे व सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा. तपासणीपूर्वी केसांसाठी बायोटिन चालू आहे काय हेही विचारावे. त्याने अहवाल चुकू शकतो, म्हणून ते किमान दोन दिवस आधी थांबवितात.

गोळी बंद करणारा रुग्ण फसतो तो याच कारणाने की, थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा आहे. पहिला आठवडा बरा जातो, किंबहुना मात्रा अधिक असल्यास पूर्वीपेक्षा बरा जातो, आणि गोळी निरुपयोगीच होती अशी त्याची खात्री पटते. शैथिल्य पुढे काही आठवड्यांत हळूहळू येते. गर्भिणीच्या बाबतीत ही वाट पाहणे गर्भाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरू शकते. गर्भधारणेत मात्रा बहुधा वाढवावी लागते. तेव्हा धडधडीसाठी जटामांसी वा ब्राह्मी योजण्यापूर्वी टीएसएच पाहावा आणि मात्रा बदलण्याचे काम मूळ डॉक्टरांकडे सोपवावे. उरःशूल, अनियमित नाडी किंवा श्वासकष्ट असल्यास रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधालय चालविणाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. अश्वगंधा वा कांचनार मागणाऱ्या ग्राहकाला थायरॉइडची गोळी चालू आहे काय, एवढे विचारावे. ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधांचाही परवाना आहे त्यांनी चिठ्ठीवरील मायक्रोग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचून ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी, कारण २५ ऐवजी ७५ ची बाटली दिली गेल्यास चूक रुग्णाच्या छातीत कळते. कंपनी परस्पर बदलू नये. गोळ्या उष्णता, उजेड व दमटपणाने बिघडतात. बाटलीत मिळणाऱ्या गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, पुडीत सुट्या देऊ नयेत.