पंचगंगेच्या पातळीतलं संख्याशास्त्र
थोर संख्याशास्त्रज्ञ वसंत हुजूरबाजार 1919 साली कोल्हापुरात जन्मले. त्याच शहरात आज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ‘प्रमाण विचलन’ ऐकताच पोटात गोळा येतो. ही बुद्धीची उणीव नव्हे. काळजीच मनातली जागा अडवते, मग साधी बेरीजही चुकते.

अशा वेळी सूत्र बाजूला ठेवून पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आठवावा. पावसाळ्यात घराघरांत विचारतात, पाणी किती फुटांवर? 39 ला इशारा, 43 ला धोका. जुलैतल्या रोजच्या नोंदी वहीत लिहा, सरासरी काढा. मग प्रत्येक दिवस तिच्यापासून किती लांब, ते पाहा. त्या लांबीचंच माप म्हणजे प्रमाण विचलन. 2019 च्या महापुरात पाणी 55 फुटांवर गेलं. नुसती सरासरी किती फसवते, हे इथल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलंय.